बर्डीवरचा रविवारचा हार्डवेअर वर्ग : १४ रविवार जाऊन आल्यावर

मी एका पतसंस्थेत हिशेब पाहते, बावीस वर्षं झाली. कॉम्प्युटरसमोर रोजचे आठ तास जातात, पण त्याच्या डब्यात काय आहे हे मी कधी उघडून पाहिलं नव्हतं. ऐन मार्चअखेरीला घरचा कॉम्प्युटर बंद पडला. पंखा फिरायचा, समोरचा दिवा लागायचा, स्क्रीन मात्र काळी. आमच्या भागातल्या एका दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटांत निकाल दिला, "मॅडम, बोर्ड गेला. नऊ हजार लागतील." कशावरून गेला, कशाने गेला, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मी पैसे द्यायला तयारही झाले होते. घरच्यांनी अडवलं आणि डबा उचलून बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात नेला.

तिथल्या एका दुकानातल्या सरांनी झाकण काढलं, रॅमच्या, म्हणजे चालू कामापुरत्या स्मृतीच्या, दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या, कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन खालची सोनेरी कड हलक्या हाताने पुसली. कापूस काळा झाला. पट्ट्या परत बसवल्या, दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज आला, बटण दाबलं आणि स्क्रीन उजळली. दीडशे रुपये घेतले. मी विचारलं, "मग बोर्डाला काय झालं होतं?"

"बोर्डाला काहीच नाही झालं, ताई. रॅमचे कॉन्टॅक्ट काळे पडले होते. कूलरसमोर ठेवता का मशीन?"

कूलरसमोरच होतं. उन्हाळाभर ओलसर, धुळीची हवा थेट त्यावर. मी म्हटलं, "पण पंखा तर फिरत होता न?"

"पंखा फिरणं आणि मशीन चालणं वेगळं आहे. ते सांगायला वेळ लागते. रविवारी या, वर्ग सुरू होऊन राहिला."

तशी मी गेले, आणि १४ रविवार एकही न चुकवता गेले. हा अभिप्राय त्याच वर्गाबद्दल आहे. दुकानाचं नाव इथे देत नाही, कारण सरांनीच नको म्हटलं. एका बॅचमध्ये जागा आठच असतात, आणि दुकानातली गर्दी वाढली की रविवारचा वर्ग मोडतो असा त्यांचा अनुभव आहे. बर्डीवर कॉम्प्युटरच्या दुकानांच्या गल्लीत शिरून "रविवारी शिकवतात ते सर" असं विचारलं की माणसं बोट दाखवतात.

वेळ सकाळी साडेआठ ते साडेअकरा. फी माझ्या बॅचला ६,५०० रुपये होती, दोन हप्त्यांत. त्यात ब्रेडबोर्ड (वायरी खोचायची भोकांची पाटी), आयसी (छोट्या चिप), वायरी सगळं येतं, वीज मोजायचा मल्टिमीटर तेवढा आपला न्यायचा. मी सुभाष नगरहून मेट्रोने जायचे. बर्डीला उतरून चालत सात-आठ मिनिटं. रविवारी त्या वेळी रस्ता मोकळा असतो, फूटपाथवरचा बाजार अजून लागायचा असतो. कोपऱ्यावर तर्री पोहे मिळतात, वर्गातली पोरं ते खाऊनच वर चढायची.

आमच्या बॅचमध्ये पॉलिटेक्निकची चार मुलं, एक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, वर्धा रोडवर सीसीटीव्ही बसवणारे एक भाऊ, एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी काका, आणि मी.

पहिल्या रविवारी कॉम्प्युटर उघडायला मिळेल असं सगळ्यांना वाटत होतं. मिळाला नाही. सरांनी प्रत्येक जोडीला एक ब्रेडबोर्ड, काही लाल-हिरवे एलईडी आणि ७४०० नंबरच्या आयसी दिल्या. चौदा पायांची ही काळी चिप, आत चार नँड गेट. नँड गेट म्हणजे एवढंच : दोन्ही बाजूंनी वीज आली तर पुढे वीज जाणार नाही, बाकी कुठल्याही वेळी जाईल. दोन रविवार आम्ही या एकाच गोष्टीवर काढले. पॉलिटेक्निकची मुलं कुरकुरली, हे आमचं पहिल्या वर्षाला झालंय म्हणून. मग सर म्हणाले, झालंय तर बेरीज करून दाखवा. १ अधिक १.

पाच नँड गेट लागतात त्याला. कागदावर मुलांनी पटकन काढलं, बोर्डावर दीड तास लागला. एक वायर एका भोकाने सरकली की सगळं चुकतं. माझ्या आणि टेलिफोनवाल्या काकांच्या जोडीचा बोर्ड सव्वाअकराला चालला. एक स्विच वर केला, लाल एलईडी लागला. दुसरा केला, पहिला खाली, तरी लालच. दोन्ही वर केले, तर लाल विझला आणि हिरवा लागला.

सर मागे उभे होते. म्हणाले, "ताई, हिरवा काय आहे, ओळखा."

मी म्हटलं, "हातचा."

इंग्रजीत त्याला कॅरी म्हणतात हे मला नंतर कळलं. बावीस वर्षं मी बेरजा करते आहे. आधी रोजकीर्दीच्या लांब पानांवर पेन्सिलने हातचे मांडून केल्या, नंतर कॉम्प्युटरवर. त्या डब्यात बेरीज 'होते' एवढंच मला माहीत होतं. हातचा तिथेही असतो, तो एका तारेतून शेजारच्या घराकडे जातो आणि मी तो पेटलेला पाहिला, हे मी घरी येऊन सगळ्यांना दोनदा सांगितलं.

पुढच्या रविवारी चारही जोड्यांनी एकेक पूर्ण बेरीजयंत्र बनवलं, म्हणजे मागून आलेला हातचाही जे मिळवून घेतं ते. त्याला नऊ नँड गेट लागतात. मग चार बोर्ड टेबलावर एका रांगेत ठेवून एकाचा हातचा दुसऱ्याला जोडला. चार बिटांची, म्हणजे चार घरांची बेरीज तयार. त्यात आम्ही १५ अधिक १ केलं. घरांची किंमत १, २, ४, ८, म्हणून पंधरा म्हणजे चारही लाल दिवे लागलेले. एक मिळवल्यावर चारही विझले आणि शेवटच्या बोर्डाचा हिरवा लागला. उत्तर सोळा, पण सोळा ठेवायला पाचवं घर नाही. सर म्हणाले, हा हिरवा दिवा कोणी पाहिला नाही तर यंत्राच्या लेखी १५ अधिक १ बरोबर शून्य. मी हिशेबाची बाई, माझ्या अंगावर काटा आला. हा शेवटचा हातचा पाहण्यासाठी प्रोसेसरमध्ये वेगळा एक बिट राखून ठेवलेला असतो, त्याला फ्लॅग म्हणतात.

तिथून सर वेगावर आले, आणि वर्गाचा दर्जा इथे दिसतो. या आयसीतलं एक गेट उत्तर द्यायला साधारण १० नॅनोसेकंद घेतं (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा हिस्सा). हातचा प्रत्येक घरात दोन गेटांतून जातो, म्हणजे एका घराला २० नॅनोसेकंद. चार घरांना ८०. आजचे प्रोसेसर ६४ बिटांचे आहेत, मग याच पद्धतीने ६४ घरांना किती? १,२८० नॅनोसेकंद. आणि माझ्या घरच्या आय-थ्री ६१०० प्रोसेसरला एका टिकटिकीसाठी किती वेळ मिळतो? घड्याळ ३.७ गिगाहर्ट्झचं, म्हणजे ०.२७ नॅनोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ८ सेंटिमीटर जातो. सरांनी फळ्यावर ८ सेंटिमीटरची रेघ ओढली आणि गप्प उभे राहिले. गेट ज्यांची बनतात ते ट्रान्झिस्टर लहान का करावे लागले, आणि हातचा येईपर्यंत थांबायचं नाही म्हणून तो आधीच काढून ठेवायची युक्ती का शोधावी लागली, हे त्या रेघेवरून आठही जणांना समजलं. त्या युक्तीला कॅरी लुकअहेड म्हणतात.

चौथ्या आणि पाचव्या रविवारी ८०८५ या जुन्या प्रोसेसरचा सरावाचा किट. इंटेलने १९७६ मध्ये काढलेली ही चिप, साडेसहा हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर, फक्त ५ व्होल्टवर चालते, नावातला ५ त्याचाच. किटवर सोळा आकड्या-अक्षरांची कळपट्टी आणि लाल अंकांचा छोटा डिस्प्ले. आम्ही सहा बाइट टाकले, दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत लिहिलेले : ३ई ०५, ०६ ०३, ८०, ७६. पाच घे, तीन घे, मिळव, थांब. उत्तर आठ. मग सरांनी विचारलं, यातला ८० काय आहे? 'मिळव' हा हुकूम, असं सगळे म्हणाले. त्यांनी त्याच ८० चा पत्ता वेगळ्या ठिकाणी दिला आणि तो नुसती संख्या म्हणून वाचून दाखवला, आठ गुणिले सोळा म्हणजे १२८. हुकूम आणि आकडा एकाच स्मृतीत, एकाच रूपात पडलेले असतात. कुठून वाचायला सुरुवात केली त्यावर ठरतं काय समजायचं. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनच्या १९४५ च्या अहवालात मांडलेली कल्पना ही, आणि आजचा प्रत्येक पीसी त्यावर उभा आहे. सरांनी मुद्दाम चुकीचा पत्ता देऊन किटला आकडेच हुकूम म्हणून वाचायला लावले. डिस्प्लेवर भलतंच काहीतरी आलं आणि तो तिथेच अडकला. "हँग झाला म्हणता न तुम्ही, त्याचा हा एक प्रकार पाहून ठेवा."

हे दोन रविवार मला कमी वाटले. पॉलिटेक्निकची मुलं पुढे पळाली, मी आणि सीसीटीव्हीवाले भाऊ मागे राहिलो. जंप (एका हुकमावरून दुसरीकडे उडी) आणि स्टॅक (तात्पुरते आकडे एकावर एक ठेवायची जागा) मला घरी बसून तीन संध्याकाळी घालवून समजून घ्यावे लागले. नव्या माणसासाठी इथे एक रविवार वाढवायला हवा. हे मी सरांनाही सांगितलं आहे.

आता हळदीबद्दल. या वर्गाचं एकच काही आठवणीत ठेवायचं म्हटलं तर मी हे ठेवेन.

विषय होता कॅश मेमरी. प्रोसेसरच्या आत छोटी, वेगवान स्मृती असते, तिचे तीन थर. आय-थ्री ६१०० मध्ये पहिला थर प्रत्येक कोअरला (प्रोसेसरमधल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाला) आकड्यांसाठी ३२ केबी आणि हुकमांसाठी ३२ केबी, दुसरा २५६ केबी, तिसरा दोन्ही कोअरमध्ये मिळून ३ एमबी. बाहेर रॅम, त्याच्याही बाहेर हार्ड डिस्क. हे कोणीही सांगेल. सर म्हणाले, प्रोसेसरची एक टिकटिक म्हणजे एक सेकंद धरा आणि गुणाकार करा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, फोडणीत हळद टाकायची आहे. कुठून आणाल?"

पहिला थर, चार टिकटिकी. चार सेकंद, म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा. दुसरा थर, बारा सेकंद. वरच्या फडताळातली बरणी. तिसरा थर, चाळीसेक सेकंद. कोठीच्या खोलीतला डबा. रॅम, ७० नॅनोसेकंद धरले तर २५९ टिकटिकी. सव्वाचार मिनिटं, म्हणजे गॅस बंद करून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन यायचं. तोवर ठीक चाललं होतं. मग हार्ड डिस्क, म्हणजे फिरती तबकडी. मिनिटाला ७,२०० फेऱ्या म्हणजे एक फेरी ८.३३ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, त्यात सुई सरकायचा वेळ धरून साधारण १२ मिलिसेकंद. गुणाकार माझ्याच कॅल्क्युलेटरवर केला : ४ कोटी ४४ लाख सेकंद. ५१३ दिवस. सतरा महिने.

वर्गात कोणी बोलेना. मग टेलिफोनवाले काका, ज्यांची समुद्रपूरकडे शेती आहे, ते म्हणाले, "सतरा महिन्यांत तर वायगावची हळद लावून, खणून, शिजवून, वाळवून, दळून घरी येते. आणि पुढची लावणी होऊन जाते."

बरोबर आहे. हळद शेतात आठ-नऊ महिने घेते. म्हणजे हार्ड डिस्कवरून एक आकडा आणायचा तर प्रोसेसरच्या हिशेबाने फोडणी चुलीवर ठेवून शेतात बेणं लावायला जायचं. त्याच मापाने साटा एसएसडीला (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) १०० मायक्रोसेकंद धरले तर चार दिवस आणि थोडे तास. पतसंस्थेतल्या जुन्या मशीनला एसएसडी लावल्यावर ते नव्यासारखं का पळालं, नवा प्रोसेसर घ्यायची गरज का पडली नाही, हे मला तेव्हा कळलं. आम्ही तीन मशीन बदलायचं अंदाजपत्रक केलं होतं. या वर्गानंतर मी ते मागे घेतलं, फक्त एसएसडी आणि रॅम मागवली.

त्याच दिवशी सरांनी टिफरॅकचा उल्लेख केला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी बनवलेला कॉम्प्युटर, १९६० मध्ये सुरू झाला. त्याची स्मृती ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे १० केबी. माझ्या मशीनमधल्या सगळ्यात छोट्या कॅशच्याही तिसऱ्या हिश्श्याएवढी. त्यावर शास्त्रज्ञांनी गणितं केली.

सातव्या रविवारपासून खरा डबा उघडला. पंख्याच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं, तेही मीटर हातात धरून. कॉम्प्युटर 'बंद', पण प्लग लावलेला. पॉवर सप्लायच्या जांभळ्या तारेवर मीटर धरला तर ५.०२ व्होल्ट. म्हणजे बंद मशीन पूर्ण बंद नसतंच, बोर्डाचा एक कोपरा जागा असतो आणि बटणाची वाट पाहतो. हिरव्या तारेवर मीटर ठेवून बटण दाबलं तर तिथला व्होल्टेज खाली शून्याशी आला. त्यावरून सप्लाय समजतो की आता सुरू व्हायचं. पिवळ्यावर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ व्होल्ट येतात. पंख्याला १२ व्होल्ट मिळाले की तो फिरतो, त्याला प्रोसेसरचं काही देणंघेणं नाही. नंतर, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापासून अर्ध्या सेकंदापर्यंतच्या वेळात, राखाडी तारेवर 'वीज ठीक आहे' असा निरोप येतो. तेव्हा कुठे प्रोसेसरला मोकळं सोडतात. तो पहिला हुकूम एका ठरलेल्या पत्त्यावरून वाचतो, ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडून. तिथे रॅम नसते, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमची) चिप असते, आठ पायांची, नखाएवढीही नाही.

आणि मग मला फार आवडलेली गोष्ट. रॅम आपोआप वापरता येत नाही. किती आहे, कोणत्या वेगाची आहे हे ओळखून ती तयार करावी लागते, आणि ते काम करणाऱ्या प्रोग्रॅमला स्वतःलाच थोडी स्मृती लागते. ती कुठून आणायची? तेवढ्यापुरती प्रोसेसरची कॅशच रॅम म्हणून वापरतात. मिसळणाच्या डब्यावर स्वयंपाक सुरू करायचा आणि किराणा दुकान उघडायची वाट पाहायची. माझ्या मशीनमध्ये नेमकं इथेच अडत होतं. डीडीआर-फोर प्रकारच्या रॅमच्या एका पट्टीला २८८ कॉन्टॅक्ट असतात. त्यातले काही काळे, म्हणून रॅम तयार होत नव्हती, म्हणून पुढचं काहीच नाही, म्हणून स्क्रीन काळी. पंखा मात्र खुशाल फिरत होता. नऊ हजारांचा बोर्ड बदलला असता तर नव्या बोर्डात ह्याच काळ्या पट्ट्या बसल्या असत्या. मला त्या दुरुस्तीवाल्याचा राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते याचं, की बटण दाबल्यापासून काय काय घडतं हे त्याला कोणी शिकवलेलंच नसावं. रॅम काढून पुसायची ही युक्ती पुष्कळांना येते. खोडरबराने घासतात, त्यात सोन्याचा पातळ थर निघून जातो. का पुसायचं ते माहीत असेल तर कशाने पुसायचं तेही कळतं.

विजेचा एक हिशेब मुलांना फार आवडला. हा प्रोसेसर पूर्ण जोरात ५१ वॉट घेतो. घरातल्या ५० वॉटच्या पंख्याएवढंच की, असं मी म्हटलं. पण त्याला वीज १.१ व्होल्टच्या आसपास लागते. भागाकार केला तर ४५ अँपियरच्या वर. २,००० वॉटचा गीझर घरात जेमतेम ९ अँपियर ओढतो. पाच गीझरांचा प्रवाह एका काड्यापेटीएवढ्या जागेत, म्हणून प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या ११५१ पिनांपैकी कितीतरी पिना नुसत्या वीज आणायला आणि न्यायला असतात. म्हणून बोर्डावर सॉकेटभोवती वीज साठवून एकसारखी ठेवणाऱ्या कॅपॅसिटरची रांग. इलेक्ट्रोलाइटवाल्या कॅपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंश वाढलं की साधारण निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बंद खोलीत, भिंतीला टेकवलेल्या डब्यात काय होत असेल, याचं उत्तर म्हणून सरांनी फुगलेले कॅपॅसिटर भरलेली एक बरणी टेबलावर ठेवली. सगळे नागपूरच्याच मशीनमधले.

अकराव्या रविवारी जुळणी चालू असताना एका मुलाच्या हातून प्रोसेसर सुटून सॉकेटवर पडला. एका कोपऱ्यातल्या सहा-सात पिना वाकल्या. सर त्याच्यावर ओरडले, आणि जोरात. ते मला पटलं नाही. मुलगा मुद्दाम काही करत नव्हता आणि फी देऊन शिकायला आला होता. पण मग त्यांनी खुर्ची ओढली, टेबलावरचं भिंग जवळ घेतलं आणि शिवणाच्या सुईने पिना सरळ करायला बसले. एकेक पिन, शेजारच्या ओळीच्या कोनाशी जुळवत, श्वास रोखून. चार पिना झाल्यावर सुई त्या मुलाच्याच हातात दिली. "उरलेल्या तू कर. मी पाहून राहिलो." त्याचा हात थरथरत होता. सरांनी त्याचं मनगट टेबलाला टेकवून दिलं. पाऊण तासाने प्रोसेसर बसवला, बटण दाबलं, एक बीप आला. त्या मुलाने नंतर एकही रविवार चुकवला नाही.

उणिवा सांगायलाच हव्यात. दुकान दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्ट नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, शेजारच्या इमारतीत जावं लागतं, आणि रविवारी त्याची चावी आधी मागून ठेवावी लागते. मुलींना या वर्गाला पाठवायचं तर ही सोय आधी व्हायला हवी. मेमध्ये दहानंतर त्या खोलीत बसवत नाही. ग्राफिक कार्डावर फक्त अर्धा तास, आणि नेटवर्क अजिबात नाही. नोट्स इंग्रजीत आहेत, त्याही जुन्या झेरॉक्सच्या. सर बोलतात इतकं स्वच्छ मराठी, तेच कुणी उतरवून काढलं तर केवढं काम होईल. मी माझ्या वह्या त्यांच्याकडे ठेवून आले आहे, १४ रविवारांच्या, पुढच्या बॅचला वाचता याव्यात म्हणून.

आणि सर्टिफिकेट मिळत नाही. ज्यांना नोकरीच्या अर्जाला कागद जोडायचा आहे त्यांनी हे आधीच जाणून घ्यावं. माझ्या भाच्याने दुसरीकडे याच्या तिप्पट फी भरून एसी खोलीत, प्रोजेक्टरवर कोर्स केला, त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे. त्याला बोर्डावरच्या भागांची नावं पाठ आहेत. पंखा फिरतो आणि स्क्रीन काळी राहते, असं का, हे मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बोर्ड गेला असेल."

पुढच्या महिन्यात तो बर्डीवर येतो आहे. मीच पहिला हप्ता भरला.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. नवी बॅच दिवाळीनंतर बसते, पण जागा नवरात्रातच सांगून ठेवा. स्वतः जाऊन सांगावं लागतं, फोनवर ते घेत नाहीत. आणि कपडे सुती घाला. थंडीत आपल्याकडे हवा कोरडी असते. अंगावरच्या स्थिर विजेचा चटका माणसाला जाणवतो तो तीनेक हजार व्होल्टला, पण चिपला त्याहून फार कमी पुरते, आपल्याला कळतसुद्धा नाही आणि ती जाते. पहिल्या जुळणीच्या दिवशी मी सिंथेटिक साडी नेसून गेले होते. सरांनी मला रॅमला हात लावू दिला नाही. मनगटाला पट्टा बांधून, त्याची तार डब्याच्या पत्र्याला जोडून मगच लावू दिला.